हट्टी नावाचं कोणी नाही

थोरल्यांनी वकिलांबरोबरच्या बैठकीच्या आठवडाभर आधीच फर्मान काढलं होतं की यापुढे घरात किंवा कारखान्यात कोणीही हट्टीला हट्टी म्हणायचं नाही. तिच्या कागदोपत्री नावाने हाक मारायची. ते नाव जोडाक्षरांनी गच्च भरलेलं होतं आणि बँकेतल्या कारकुनाशिवाय आजवर कोणी उच्चारलेलं नव्हतं. धाकट्यांनी, म्हणजे त्यांच्या भावाने, पहिल्याच दिवशी ते घेऊन पाहिलं तर त्यांची जीभ दाताखाली आली. खुद्द हट्टीला त्या नावाने हाक मारलेली कळायचीच नाही. ती उकळणीच्या खोलीत कढईपाशी उभी असायची, थोरले दारातून ते भलंमोठं नाव घेऊन ओरडायचे, आणि दुसऱ्या कोणाला बोलावत असतील म्हणून ती आपली ढवळत राहायची. शेवटी थोरले "अगं ए" वर आले. सख्ख्या बहिणीला "अगं ए" म्हणणं कायद्यात बसतं असं त्यांनी स्वतःच ठरवून टाकलं.

एवढा खटाटोप कशासाठी, तर गोंदासाठी. वडिलांनी गोंद काढला तेव्हा हट्टी परकरात होती आणि हे नाव तिला त्याच्याही आधीपासून होतं, कारण टेबलाचा पाय धरून बसली की तिला तिथून कोणी हलवू शकत नसे. वडिलांनी पहिल्या घाण्यातल्या गोंदाने दोन फळ्या चिकटवून सुताराला दिल्या. सुताराची पटाशी मोडली, फळ्या सुटल्या नाहीत. वडील म्हणाले, ही तर आमची हट्टीच. तेव्हापासून डब्यावर तेच नाव छापलं गेलं. ही गोष्ट थोरल्यांनी आजवर गिऱ्हाइकांना इतक्या वेळा ऐकवली होती की काही गिऱ्हाइकं ती ऐकावी लागू नये म्हणून नोकराकरवी माल मागवत.

आता मात्र थोरल्यांना ती गोष्ट घडलेलीच नको होती. गेल्या वर्षी त्यांनी ‘हट्टी’ हे नाव ट्रेडमार्क म्हणून नोंदवायला अर्ज केला. अर्ज करण्यात गैर काही नव्हतं, गैर होतं ते अर्जदाराच्या रकान्यात. तिथे कारखान्याचं नाव हवं होतं, थोरल्यांनी स्वतःचं घातलं, एकट्याचं. नाव एकट्याचं झालं की उद्या धाकट्याला आणि हट्टीला दार दाखवता येत होतं. त्या दोघांनी मग तोच गोंद उकळला असता तरी डब्यावर काय छापणार? स्वतःचं नाव स्वतःच्या गोंदावर घालायची चोरी, अशी हट्टीची गत व्हायची होती.

हे कोणाला कळलंही नसतं, पण थोरल्यांना गप्प बसवत नाही. त्यांची एकुलती एक मुलगी डबी (लहानपणी गोंदाच्या रिकाम्या डब्यात बसून खेळायची, म्हणून डबी) एका मोठ्या कंपनीत नोकरीला होती. ट्रेडमार्क कार्यालय अर्जांची माहिती सगळ्यांना बघायला उघडी ठेवतं. डबीने ती उतरवून घ्यायची, तिचे तक्ते करायचे आणि कोणाचा अर्ज कुठल्या पायरीवर अडलाय, कोणावर आक्षेप आलाय, कोण नुसताच लटकलाय हे वरच्यांना सांगायचं. थोरल्यांना यातलं ओ का ठो कळत नव्हतं, पण "माझी पोर सरकारवर नजर ठेवते" असं ते येईल-जाईल त्याला सांगत. स्वतःच्या अर्जाची स्थिती ते रोज सकाळी दाढीच्या आधी बघत.

एके दिवशी स्थितीच्या रकान्यात ‘स्वीकारून जाहिरात केली’ असं आलं. थोरल्यांनी उभ्या जन्मात गोंदाची एक जाहिरात केलेली नव्हती. कारखान्यावरची पाटीसुद्धा वडिलांच्या वेळची, अर्धी पुसलेली. ते उड्या मारतच जेवायला आले आणि सगळ्यांना म्हणाले की बघा, आपला माल इतका नावाजलेला की सरकारने फुकट जाहिरात केली. हट्टी तिथेच मटार सोलत बसली होती. थोरल्यांनी डबीला हुकूम सोडला की ती ओळ सगळ्यांना वाचून दाखव, म्हणजे यांना कळेल आपण कोण आहोत.

डबीने वाचून दाखवली. अर्जदाराचं नावही वाचलं, जरा सावकाश वाचलं. मग म्हणाली, "बाबा, जाहिरात म्हणजे गोंदाची नाही. हे नाव हा माणूस घेतोय, कोणाची हरकत असेल तर आत्ता सांगा, नंतर कुरकुर चालणार नाही, अशी ती दवंडी असते."

थोरल्यांनी ते हसण्यावारी नेलं. आपल्याला कोण हरकत घेणार, अशा थाटात त्यांनी आणखी भात वाढून घेतला. हट्टीने मटार सोलून संपवले, टरफलं गोळा केली, आणि दुसऱ्याच दिवशी जाऊन विरोधाचा अर्ज दाखल केला. हट्टी हे माझं नाव आहे, मी जिवंत आहे आणि मला कोणी विचारलेलं नाही, एवढंच तिचं म्हणणं. स्थितीच्या रकान्यात ‘विरोध’ असं उमटलं तेव्हा थोरल्यांचा अर्धा गाल साबणाचा होता, आणि पुढचा तासभर तो तसाच राहिला.

आजची बैठक त्या विरोधाला उत्तर द्यायला होती. कारखान्याच्या वरच्या मजल्यावरची खोली, जिथे खुर्च्यांचे पाय जमिनीला किंचित चिकटतात आणि उठताना चर्रकन आवाज होतो. टेबलाच्या एका टोकाला थोरले, शेजारी त्यांचे वकील. वकील खुर्चीत बसायच्या आधी त्यावर रुमाल अंथरणारे गृहस्थ होते. उत्तराचा मसुदा त्यांनी केला होता, पण तो थोरल्यांनी सांगितलेल्या हकिकतीवरून. त्या हकिकतीप्रमाणे ‘हट्टी’ हा गोंदासाठी खास शोधलेला शब्द होता, या कुटुंबात त्या नावाने कोणालाही हाक मारली जात नाही, कधी मारली गेलीही नाही. घरच्या प्रत्येकाने तसं लिहून सही करायची होती. वकिलांनी चष्म्यावरून सगळ्यांकडे बघत एकदा विचारलं, "हे खरं आहे ना? नंतर माझी पंचाईत नको." थोरल्यांनी छातीवर हात ठेवून शंभर टक्के असं सांगितलं.

पहिली सही थोरलीने केली, थोरल्यांच्या बायकोने. तिच्या मनाला काडीची टोचणी लागली नाही. नणंदेला ती लग्न झाल्यापासून ‘वन्सं’ म्हणत आली होती. हट्टी हा शब्द तिने माणसासाठी तोंडातून काढलाच नव्हता, मग खोटं कुठे आलं? इतरांनी काय म्हटलं ते बघायला ती काही लोकांच्या तोंडाला कान लावून बसली नव्हती. शिवाय नाव बापाचं झालं की उद्या ते डबीचं होणार, हा हिशेब तिने अर्ज करायच्या दिवशीच मांडला होता. अर्जदाराच्या रकान्यात एकट्याचं नाव घाला हे थोरल्यांच्या डोक्यातून आलं असं थोरल्यांना वाटत असे. त्यांच्या डोक्यातून आजवर जे जे आलं ते आधी थोरलीने तिथे ठेवलेलं होतं.

मग दुसरा कागद धाकट्यांपुढे सरकला. धाकटे गेल्या आठवड्यात उकळणीच्या खोलीत जाऊन हट्टीचा हात हातात घेऊन म्हणाले होते की ताई, मी तुझ्या बाजूला आहे, दादाने आपल्या दोघांचा गळा कापलाय. त्यांच्या डोळ्यांत तेव्हा पाणीही आलं होतं. परवा थोरल्यांनी त्यांना बाजूला घेऊन सांगितलं की नोंदणी होऊन जाऊ दे, मग मागाहून तुझंही नाव घालू, आणि विक्रीचं सगळं तूच बघ. धाकट्यांचे डोळे लगेच कोरडे झाले. थोरल्या भावाने दिलेला एकही शब्द आजवर पाळलेला नाही हे त्यांना माहीत होतं, तरी दर वेळी नव्याने विश्वास ठेवायची त्यांना सवय होती. तिलाच ते आपला चांगुलपणा समजत.

कागदावरची ओळ त्यांनी दोनदा वाचली. ‘हट्टी’ या नावाने हाक मारली जात नाही. ते स्वतः ‘हट्टीताई’ म्हणत. हट्टी वेगळं आणि हट्टीताई वेगळं, शब्दच वेगळा, अक्षरंसुद्धा जास्त. या शोधाने त्यांना इतकं हलकं वाटलं की सही करताना त्यांनी खाली रेघही ओढली.

"आता तू," थोरले डबीला म्हणाले.

डबीने पेन उचललं नाही. तिने वकिलांना विचारलं की माझा तक्ता बघता का, बाबांनी मला मुद्दाम आणायला सांगितलाय. थोरले खूश होऊन मान डोलवू लागले. पोरीने सरकारी माहिती खणून आपली बाजू भक्कम केली असणार, अशी त्यांची खात्री होती. बाप म्हणून त्यांनी तिच्यात कधी डोकावून पाहिलं नव्हतं, त्यामुळे ती नेहमीच त्यांच्या बाजूला असल्याचं त्यांना दिसत असे.

तिने या धंद्यातले, म्हणजे गोंद, खळ, लाख विकणाऱ्यांचे सगळे अर्ज वेगळे काढले होते. त्यातले घरगुती कारखाने निवडले होते. वकिलांपुढे कागद फिरवून ती समजावून सांगू लागली. अर्जदाराच्या रकान्यात प्रत्येकाने कारखान्याचं नाव दिलंय, नाहीतर सगळ्या भावंडांची मिळून. एकट्याचं नाव घालणारे बाबाच. आणि हा रकाना बघा, नाव केव्हापासून वापरात आहे त्याचा. प्रत्येक जण आपला माल जितका जुना दाखवता येईल तितका दाखवतो. जुन्या वापराला मान असतो, एवढं तर कोणालाही कळतं. बाबांनी मात्र आजोबा गेले आणि बाबा खुर्चीत बसले ते वर्ष दिलंय.

वकिलांनी तो रकाना बोटाने धरून पाहिला. ही चूक आपल्या नजरेतून सुटली याचं त्यांना वाईट वाटलं, आणि ते वाईट वाटणं त्यांनी थोरल्यांकडे बघून व्यक्त केलं. "तुमचा गोंद त्याच्या आधी बाजारात नव्हता?"

"होता ना, कित्येक वर्षं होता," थोरले म्हणाले.

"मग हे वर्ष का घातलंत?"

थोरल्यांनी कागद उलटा करून पाहिला. खरं उत्तर घरच्या सगळ्यांना ठाऊक होतं. आधीचं वर्ष घातलं असतं तर नाव वडिलांनी दिलं हे लिहावं लागलं असतं, आणि वडिलांनी का दिलं हे कोणीतरी विचारलं असतं. जगात सगळे आपला माल म्हातारा करून दाखवतात, थोरल्यांनी एकट्याने तो तरुण करून ठेवला होता.

तेवढ्यात हट्टी वर आली. तिला बोलावलं थोरल्यांनीच होतं. सगळ्यांच्या सह्या झालेल्या दाखवायच्या, घरात तू एकटी पडलीस हे डोळ्यांनी बघू द्यायचं आणि विरोध मागे घ्यायला लावायचा, असा बेत. तिच्या ॲप्रनवर वाळलेल्या गोंदाचे पापुद्रे होते. ती बसली, टेबलावरचे दोन सही केलेले कागद तिने आपल्याकडे ओढले आणि वाचले. धाकट्यांनी खिडकीबाहेर बघायला सुरुवात केली. बाहेर समोरच्या गोदामाची भिंत होती, तिच्यात बघण्यासारखं काही नव्हतं.

हट्टीला राग थोरल्याचा आला नाही. थोरला लहानपणापासून असाच, ताटातलं दुसऱ्याचं उचलून ते आधीपासून आपलंच होतं म्हणणारा. तिला किळस आली ती धाकट्याच्या सहीखालच्या रेघेची. जन्मभर ज्या कढईच्या वाफेत उभी राहिले तिच्यावर या दोघांची घरं चालली, आणि आज हे लिहून देतात की मी नव्हतेच. तिने ते बोलून मात्र दाखवलं नाही. कागद होते तसे परत सरकवले आणि धाकट्यांना म्हणाली, "रेघ छान आली आहे हं."

धाकटे भिंतीकडेच बघत राहिले.

थोरल्यांनी डबीपुढे पुन्हा पेन धरलं. तक्ता झाला, आता सही कर, वकिलांना उशीर होतोय.

डबीला त्या क्षणी भीती वाटत होती, आणि ती लपवायला तिने दोन्ही हात टेबलाखाली घेतले होते. आईचा हिशेब तिला माहीत होता. सही केली तर हे नाव एक दिवस तिचं होणार होतं, कारखाना, कढया, सगळं. नाही केली तर बाप तिला जन्मभर बोलून दाखवणार होता, आणि बापाला जन्मभर बोलता येतं हे घरात सगळ्यांना माहीत होतं. पण रोज दिवसभर ती परक्यांच्या अर्जांतल्या लबाड्या रकान्यागणिक उघड्या पाडत होती, त्याचा पगार घेत होती. घरच्या लबाडीवर सही करून उद्या कामावर कुठल्या तोंडाने जायचं?

"मी नाही करणार," ती म्हणाली. "मी आत्याला हट्टीआत्या म्हणते. बोलायला लागले तेव्हापासून म्हणते."

थोरलीने तिला टेबलाखालून पायाने ढोसलं. थोरल्यांनी आधी गोडीने घेतलं. तुझ्याच भल्यासाठी चाललंय, माझं काय, मी आज आहे उद्या नाही. डबी म्हणाली की तिला असलं भलं नको. मग त्यांनी आवाज चढवला. शिकवलं कोणी, नोकरी कोणाच्या जिवावर लागली, बापाचं नाक वकिलांसमोर कापतेस. डबी म्हणाली की नाक तुम्ही स्वतःच अर्जदाराच्या रकान्यात नेऊन ठेवलंत. ती रडत होती, पण पेन तिने हाताने दूर ढकललं आणि ते टेबलावरून गडगडत खाली पडलं.

थोरले खुर्चीतून उठले, चर्र आवाज झाला. त्यांचा चेहरा तांबडालाल झाला होता.

"कोणाचं ऐकायचं नाही, कोणापुढे वाकायचं नाही," ते डबीवर ओरडले. "माझ्यावर गेली असतीस तर सोनं झालं असतं. हट्टीवर गेलीस तू, अगदी हट्टीवर गेलीस!"

वकील खाली वाकून पडलेलं पेन उचलत होते. ते पेन हातात घेऊन सावकाश वर आले.

"हट्टीवर?" त्यांनी विचारलं. "हट्टीवर म्हणजे कोणावर?"

थोरल्यांनी जी सारवासारव केली ती त्यांच्या सगळ्या सारवासारवींसारखीच होती, म्हणजे मूळ भोकापेक्षा मोठी. "कोणावर नाही हो. हट्टीपणावर. पोरगी हट्टीपणावर गेली आहे, असं म्हणत होतो मी."

"हट्टीपणावर कोणी जात नसतं," थोरली फणकाऱ्याने म्हणाली. नवऱ्याचा मूर्खपणा ऐकून गप्प बसणं तिला कधीच जमलं नव्हतं, आणि आजही जीभ हिशेबाच्या पुढे धावली. "जातात ते माणसावर."

बोलून झाल्यावर आपण काय बोललो ते तिच्या लक्षात आलं. तिने पदर सारखा केला, पण सारखं करण्यासारखं आता तेवढंच उरलं होतं. खोलीतले सगळे हट्टीकडे बघत होते, भिंतीकडे बघणारे धाकटेसुद्धा. वकिलांना वेगळं उत्तर कोणाला द्यावं लागलं नाही.

त्यांनी पेनाला टोपण लावलं, रुमालाची घडी केली आणि मसुदा थोरल्यांपुढे ठेवला. आपण हे उत्तर दाखल करणार नाही असं त्यांनी सांगितलं. थोरले म्हणाले की तुम्ही ऐकलंच नाही असं समजा, घरातली गोष्ट घरात राहील. वकील म्हणाले की मी घरातला नाही आणि मला चांगलं ऐकू येतं. पाहिजे तर दुसरा वकील करा, त्यालाही शंभर टक्के म्हणून सांगा. वकील निघाले तेव्हा सह्यांच्या कागदांचं काय करायचं असं धाकट्यांनी विचारलं, तर ते म्हणाले, फाडा. धाकट्यांनी आपला लगेच फाडला. थोरलीचा कोणी फाडला नाही, म्हणून तिला तो स्वतः फाडावा लागला.

थोरले टेबलाच्या कडेचा गोंद नखाने खरवडत होते. मग त्यांनी डबीला विचारलं की उत्तर दिलंच नाही तर त्या रकान्यात काय दिसेल. डबीने डोळे पुसून सांगितलं, मुदत संपली की ‘सोडून दिलेला अर्ज’ असं दिसेल.

"सोडून दिलेला," थोरल्यांनी ते शब्द तोंडात घोळवून पाहिले. त्यांना ते आवडले असावेत. त्यांची मान हळूहळू ताठ झाली, आवाजात मोठेपणा आला, आणि ते बहिणीकडे वळून म्हणाले, "जा. तुझ्यासाठी सोडून दिलं मी. भाऊ आहे ना तुझा."

हट्टी उठली. तिने आधी रडणाऱ्या डबीच्या पाठीवर हात ठेवला, थोडा वेळ तसाच राहू दिला. मग थोरल्यांकडे बघितलं.

"सोडून दिलं नाहीस तू दादा," ती म्हणाली. "तोंडातून सुटलं तुझ्या."